सात हजार किलोमीटर, बिनदोराचे

…नऊ तास म्हणे! अहो, नऊ तास राहू द्या, नऊ सेकंद तरी माणसानं कशाच्या जिवावर लटकायचं? तुम्हाला सांगतो, जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्यात मी, पंचविसाव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर बसून जेवलोय, घाबरलो नाही कधी, कारण मान वर केली की दोर दिसतो! तारेचा, बोटाएवढा जाड, आणि एक नाही, चांगले सहा! विमानाला? दोर कुठंय?

लेकीकडे जायचं होतं हो. सात हजार किलोमीटर! पहिलंच बाळंतपण, त्यात सिझेरियन, आणि तिची आई नाही आता. जावई फोनवर, "बाबा, सात हजार वगैरे मनात आणूच नका, फक्त नऊ तास! जेवायचं, झोपायचं, उतरायचं!" म्हटलं, उतरायचं कळलं, पण दोर कुठंय? तो हसला. मग लेकीनं फोन घेतला, हळूच म्हणाली, "बाबा, मला फार भीती वाटतेय… तुम्ही याल ना?" बापानं कुठल्या तोंडानं सांगायचं, की पोरी, मलाही!

बसलो. दार लागलं. आता, कुठल्याही लिफ्टमध्ये शिरलो की मी आधी धोक्याची घंटा तपासतो, हाताला सवयच ती… डोक्यावर बटण दिसलं, दाबलं! टिंग! हवाईसुंदरी धावत आली. "काका, काय हवंय?" "काही नाही, चालतेय का बघितलं." गोड हसली बिचारी. थोड्या वेळानं पुन्हा दाबलं… अहो, आमच्यात तीनदा तपासतात! तिसऱ्यांदा मात्र ती हसली नाही.

समोर पडद्यावर नकाशा. त्यात आपलं विमान, झुरळाएवढं, समुद्राच्या मधोमध… आणि हलेचना! मला दरदरून घाम. शेजारच्या बाईंना म्हटलं, "अडकलं! दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं!" त्या म्हणाल्या, "अहो काका, समुद्र केवढा, पडदा केवढा, हलताना दिसेल कसं?" आणि तेवढ्यात… धाडकन खाली! पोट वरच राहिलं माझं! बाईंचा हात असा धरला, असा धरला, की त्यांनी सोडवायचा नादच सोडला. "दोर कुठंय हो?" "दोर नसतो, काका." "मग आपण आहोत कशावर?" "हवेवर." हवेवर! आणि हे त्या सांगतात मला धीर यावा म्हणून!

पोचलो तसा थेट दवाखान्यात. लेक स्ट्रेचरवर, पांढरीफटक, माझा हात घट्ट धरून विचारते, "बाबा, भीती वाटली विमानात?" "छे! नऊ तास तर! जेवायचं, झोपायचं, उतरायचं!" तेव्हा कुठे तिनं हात सोडला आणि आत गेली. नात झाली हो. दोघी ठणठणीत.

आता उद्या परत निघायचंय. जावयाला म्हटलं, चला, नऊ तास निदान ओळखीचे तरी झाले. तर तो म्हणतो, "बाबा, जाताना साडेदहा लागतील हं. वारा समोरून असतो." ऐकलंत? दोर नाही तो नाहीच, वर दीड तास जादा… आणि हात धरायला त्या बाईही नाहीत हो या वेळी!