लिंबाचं पाणी आणि सोळावा हिस्सा

प्राध्यापक : ‘माझ्या लिंबाच्या झाडाला रोज तांब्याभर पाणी, आणि ते तू स्वतः घालायचं.’ आईचे शब्द मला पाठ आहेत. आठवण करून द्यायला नको.

बायको : पाठ आहेत हो. इतकी वर्षं पाणी मीच घालते, म्हणून विचारलं. मी बहिणीकडे होते तेव्हा घातलंत ना?

प्राध्यापक : घालायची वेळच येऊ दिली नाही! बरणी टांगली, तिला नळी लावली. आपोआप थेंब थेंब.

बायको : अगबाई! मग मला कशाला राबवलंत इतकी वर्षं?

प्राध्यापक : बस आता. माझ्या पुस्तकाचं प्रकरण लिहून संपलं, ऐक. ‘बारीक नसांतून रक्त कसं वाहतं, या ध्यासापायी प्वाझय नावाच्या डॉक्टराने केसासारख्या काचेच्या नळ्यांतून पाणी सोडलं. तिकडे हागेन नावाचा इंजिनियर पितळी नळ्या घेऊन बसला होता. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. नियम दोघांना एकच सापडला. इंजिनियराने तो आधी छापला. लोकांच्या तोंडी मात्र डॉक्टराचं नाव बसलं.’

बायको : राबला एक, नाव दुसऱ्याचं. मला आपलं ओळखीचं वाटलं.

प्राध्यापक : टोमणा पोचला. पुढे...

बायको : अहो, बरणी तर अजून भरलेलीच दिसते.

प्राध्यापक : तीच तर युक्ती! पहिल्या नळीने ती भराभर रिकामी व्हायला लागली. म्हणून तेवढ्याच लांबीची, पण निम्म्या रुंदीची लावली. निम्मी नळी, निम्मं पाणी. दुप्पट दिवस चिंता नाही.

बायको : कुंडीतल्या मातीला भेगा पडल्यात. पानं सगळी खाली.

प्राध्यापक : शक्यच नाही.

बायको : बरं. वाचा पुढे.

प्राध्यापक : ‘खरी गंमत इथेच आहे. नळीची रुंदी निम्मी केली, तर प्रवाह निम्मा होत नाही. तो...’

बायको : थांबलात का?

प्राध्यापक : ‘...सोळावा हिस्सा उरतो.’

बायको : हे तुम्हीच लिहिलंय ना?

प्राध्यापक : कालच. खाली दोन रेघा मारून.

बायको : (वाकून कागद बघत) रेघा अगदी सरळ आल्यात हो.

प्राध्यापक : गेलं का गं झाड?

बायको : बुंधा नखाने खरवडून पाहिला. आत हिरवा आहे अजून.

प्राध्यापक : तांब्या कुठे ठेवतेस तू?

बायको : खिडकीत. बसा तुम्ही, मी घालते. माझं रोजचंच आहे.

प्राध्यापक : नको. आईने मला सांगितलं होतं.