कलियमूर्तीचं सुतक

हरिप्रसाद: तू फोनवर ‘सुतक आहे, येता येत नाही’ एवढंच म्हणालीस आणि ठेवून दिलास. मुलाकडची माणसं समोर बसलेली, अक्का. भारतीचं निश्चयतांबूल म्हणजे काही गल्लीतला भजनाचा कार्यक्रम नव्हता.

वत्सला: एवढंच नव्हते म्हणाले. भावाचं सुतक म्हणाले होते.

हरिप्रसाद: तेच तर. तुला भाऊ मी एकटा. मी धडधाकट उभा, फोन कानाला, आणि तू मलाच सांगतेस भाऊ गेला म्हणून.

वत्सला: पुढचं सांगत होते. तिकडं नादस्वर वाजत होतं, तुला ऐकू आलं नसेल.

हरिप्रसाद: मला नाही आलं, पण मुलाच्या मामाला माझं ‘कोण भाऊ?’ ऐकू आलं. त्यानं थेट शास्त्र्यांना विचारलं, मुलीच्या आत्यानं लग्न केलेलं नाही, म्हणजे ती माहेरचीच, मग तिचं सुतक मुलीच्या बापाला नाही का लागत? झालं. तबकं तशीच राहिली. भारती आत जाऊन रडायला लागली.

वत्सला: मग सुटलं कसं?

हरिप्रसाद: मी सांगितलं... सांगितलं, अक्का तंजावूरला एकटी राहते, वय झालंय. काहीबाही बोलते.

वत्सला: सेरी, बरं.

हरिप्रसाद: दुसरं काय सांगणार होतो मी?

वत्सला: निश्चय झाला ना पण?

हरिप्रसाद: झाला.

वत्सला: मग ठीक आहे.

हरिप्रसाद: ठीक काय? त्रिचीहून सकाळी निघून आलोय मी. कोण हा माणूस, तेवढं कळू दे.

वत्सला: कलियमूर्ती. बाजारात केळीची पानं विकायचा.

हरिप्रसाद: आपल्यातला नाही.

वत्सला: नाही. मराठीचा एक शब्द येत नव्हता त्याला. मला अक्का म्हणायचा, तेवढं दोन्हीकडं एकच.

हरिप्रसाद: तुझी ओळख कोठली?

वत्सला: आस्पत्रीतली. शाळा सुटल्यापासून, म्हणजे रिटायर झाल्यापासून, जाते मी. सकाळी रामाला नैवेद्य दाखवायचा, डबा भरायचा, टाउन बस धरायची. ज्याच्याकडं कुणी येत नाही त्याच्या खाटेपाशी जाऊन बसायचं.

हरिप्रसाद: हे मला कधी सांगितलं नाहीस.

वत्सला: विचारलं नाहीस कधी. मोठंसं काही नाही रे ते. थोडा थोडा म्हणून भात केला तरी दोघांपुरता होतो. देवाच्या नावानं रांधायचं आणि भिंतीकडं तोंड करून एकटीनं खायचं, मला ते गिळेना. एक दिवस रामाला म्हटलं, तुझा प्रसाद आहे, पंगतीला कुणाला तरी बसव. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन बाहेर पडले, झालं.

हरिप्रसाद: डबा नेणं निराळं आणि भाऊ म्हणणं निराळं.

वत्सला: निराळंच. शेवटी त्याला काचेच्या खोलीत हलवलं. तिथं घरच्यांनाच सोडतात. नर्सनं विचारलं, याचं कोण आहे? तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, बहीण.

हरिप्रसाद: खोटं बोललीस.

वत्सला: बोलले तेव्हा खोटंच होतं. मग त्यानं माझा हात धरला. जाईपर्यंत सोडला नाही.

हरिप्रसाद: आणि गेल्यावर?

वत्सला: नेणार का, म्हणून विचारलं त्यांनी. नाही म्हटलं असतं तर बेवारस ठरला असता. मी नेला. शेजारच्या वरलक्ष्मीचा नवरा ऑटो घेऊन बरोबर आला.

हरिप्रसाद: अग्नी कुणी दिला?

वत्सला: मी.

हरिप्रसाद: अक्का.

वत्सला: बाईनं द्यायचा नसतो, ठाऊक आहे. पण दिला.

हरिप्रसाद: बरं, दिलास. पुण्य झालं. घरी यायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि संपवायचं. परक्याचं सुतक धरावं असं कोणत्या शास्त्रात आहे?

वत्सला: शास्त्र मला ठाऊक नाही. मी रोज रामासमोर उभी राहते. त्याला काय सांगू? आस्पत्रीत आत जायला मिळावं तेवढ्यापुरता भाऊ, आणि चिता विझली की परका?

हरिप्रसाद: आणि भारती? तिची ओटी तू भरायची होतीस.

वत्सला: पुडवं आणून ठेवलंय तिला नेसायला, मोरपंखी रंगाचं. दिवाळीत आला होता तुम्ही, तेव्हा तिनंच सांगितला होता रंग.

हरिप्रसाद: दिवाळीला आम्ही नव्हतो आलो.

वत्सला: मग मागच्या. की त्याच्याही मागच्या.

हरिप्रसाद: ...घर केवढं गप्प झालंय गं.

वत्सला: सुतकात देव पेटीत. देव पेटीत म्हणजे नैवेद्य नाही, डबा नाही, बस नाही. वरलक्ष्मी दाराशी दूध ठेवून जाते, आत येत नाही. तिचं चुकत नाही, रीतच आहे ती. काल दुपारी मोठ्यानं नाव घेऊन बघितलं स्वतःचं. घसा चालतो की नाही म्हणून.

हरिप्रसाद: मला फोन करायचास.

वत्सला: रविवारी करते की मी. तू गाडी चालवत असतोस.

हरिप्रसाद: तो... तुझ्याशी बोलायचा का काही?

वत्सला: कलियमूर्ती? बोलायचा. पानं कोवळी कशी ओळखायची, भातात मीठ कमी आहे, असलं. एकदा म्हणाला, अक्का, तुला भाऊ आहे का? म्हटलं, आहे, त्रिचीला, मोठा इंजिनियर. तर म्हणे, येतो का?

हरिप्रसाद: काय सांगितलंस?

वत्सला: येतो म्हटलं. दर महिन्याला येतो.

हरिप्रसाद: का सांगितलंस असं?

वत्सला: त्याच्याकडं कुणी येत नव्हतं. माझ्याकडंही येत नाही म्हटलं असतं तर त्याला फार वाईट वाटलं असतं.

हरिप्रसाद: म्हणजे तेही खोटंच.

वत्सला: हो. ते मला एकटीला खरं करता येईना.



हरिप्रसाद: दहावा कधी?

वत्सला: उद्या. तिरुवैयारुला, कावेरीच्या काठी. शास्त्री म्हणत होते, पिंडाला पुरुषाचा हात हवा. म्हटलं, माझाच आहे, चालवून घ्या. गोत्र विचारलं. म्हटलं, ठाऊक नाही, तर काश्यप म्हणा. कुरकुरले, पण येतायत.

हरिप्रसाद: जाणार कशी?

वत्सला: पहाटेच्या बसनं.

हरिप्रसाद: बस नको. राहतो मी आज. गाडीनं जाऊ.

वत्सला: नको रे. तू पिंडाला हात लावलास की तुलाही सुतक धरावं लागेल. मुलाच्या मामाला कळलं म्हणजे?

हरिप्रसाद: कळेल. मीच सांगेन.

वत्सला: काय सांगशील?

हरिप्रसाद: भाऊ गेला म्हणेन. दुसरं काय... अक्का, तो माझ्याहून थोरला की धाकटा?

वत्सला: थोरला असावा. केस सगळे पांढरे होते. का रे?

हरिप्रसाद: थोरला गेला तर धाकट्यानं डोकं करायचं असतं ना. तिथं काठावर न्हावी मिळेल?