घरझडती आणि माझी कंबर

नाही, पोलिसांबद्दल माझी तक्रारच नाही हो, अधिकार आहे त्यांना! पण झडती घ्यायची ती कधी घ्यायची, याला काही... म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाची कंबर धरलेली असताना? तुम्हाला सांगतो, मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. फळ्याच्या पार वरच्या कोपऱ्यात 'नागरिकांची कर्तव्ये' लिहायला टाचा उंचावल्या, आणि 'व्ये'वरची मात्रा द्यायला गेलो तोच कंबरेत अशी उसण भरली, अशी भरली, की शिपायाने आणि हेडमास्तरांनी मला फळ्यासारखा आडवा धरून घरी आणला. डॉक्टर म्हणाले, "अजिबात हलायचं नाही."

आता 'अजिबात हलायचं नाही' हे आमच्या घरात एकजण आधीपासूनच पाळत होता. माझा मेहुणा! बायकोचा धाकटा भाऊ. चार दिवस म्हणून आला होता, आता त्याच्या नावाने आमच्याकडे टपाल येतं! नोकरी शोधतोय म्हणे. कुठे शोधतोय? तर आमच्या बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर पडून शोधतोय. मी काही बोललो की ही लगेच, "तुमचं काय खातोय हो तो?" अगं, मला विचार काय खात नाही! पण स्वभावाने लोण्यासारखा, खोटं कशाला बोलू. रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं त्याला ओळखतं.

आणि त्यानेच घात केला. त्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर कुत्री पकडणारी नगरपालिकेची गाडी उभी होती, ड्रायव्हर चहाला गेलेला, आणि आमचे हे दयासागर शांतपणे गेले आणि गाडीची कडी काढून आले! सगळी कुत्री बाहेर. ड्रायव्हर चहा टाकून धावत आला, कुत्री त्याच्या पायांतून पसार, आणि ड्रायव्हर थेट गटारात. झाला गुन्हा! सरकारी कामात अडथळा, शिवाय सरकारी कर्मचाऱ्याला इजा. आता पाडलं कुत्र्यांनी, पण कुत्र्यांवर गुन्हा नोंदवता येत नाही ना!

मला यातलं काही, काही म्हणजे काही ठाऊक नाही. तब्येतीमुळे दिवाण आता माझ्याकडे आलेला. दुपारी भिंत धरत, देवाचं नाव घेत मी बाथरूमपर्यंत गेलो आणि तसाच परत येऊन आडवा झालो. बघतो तर दिवाणाच्या पेटीतली सगळी पांघरुणं खुर्चीवर रचलेली. म्हटलं, हिने ऊन दाखवायला काढली असतील. डोळे मिटले. तेवढ्यात खालून आवाज...

"भाऊजी..."

म्हटलं, डॉक्टरांच्या गोळ्या डोक्यात गेल्या.

"भाऊजी, जरा डावीकडे सरका ना. फळी नाकावर येतेय."

अहो, मी ओरडणार, तेवढ्यात दारावर थाप! ही दाराआडून म्हणते, "कोण आहे?"

"पोलीस."

"यांची कंबर धरलीय. मग या."

मग या! जसे काही ते भाजी घेऊन आलेत! बाहेरून इन्स्पेक्टरसाहेबांचा आवाज, अगदी शांत, आणि शांत होता म्हणून जास्तच भीतीदायक, "बाई, तुमचा भाऊ आत आहे अशी पक्की खबर आहे. त्याला अटक करायची आहे. दार उघडा, नाहीतर तोडून आत यायचा आम्हाला अधिकार आहे."

ही माझ्याकडे वळली. "असतो का हो असा अधिकार?"

आता मी काय सांगू? इतकी वर्षं तेच शिकवतोय! तोंडातून निघून गेलं, "हो, आहे त्यांना! आधी कारण सांगायचं, दार उघडायला सांगायचं, नाहीच उघडलं तर..."

"तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात?"

खालून, "हळू बोला ना भाऊजी!"

पण सवय हो, धडा सुरू झाला की मला मध्येच थांबता येत नाही. पुढे म्हटलं, "मात्र घरात बायका असतील तर त्यांना बाजूला व्हायला वेळ द्यावा लागतो." एवढं ऐकलं मात्र, हिने दार उघडलं, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "या. पण आधी मला बाजूला व्हायचंय." आणि स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी! मग एक पातेलं घासल्याचा आवाज, दुसरं पातेलं, मग बहुतेक आख्खी मांडणी घासायला घेतली! साहेब खुर्चीवर, पांघरुणांच्या ढिगावर बसलेले. दोन हवालदार उभे. मी दिवाणावर. मेहुणा माझ्या खाली. साहेब बिचारे घड्याळ बघून शेवटी म्हणाले, "सर, मॅडमना म्हणावं, बाजूला व्हायचा अधिकार आहे, राहायचा नाही."

सुरू झाली झडती. कपाट झालं, माळा झाला, पडद्यामागे झालं. मी आढ्याकडे बघतोय आणि मनात एकच, आसरा देणं हाही गुन्हा आहे, हेही मीच शिकवलंय! एका हवालदाराने उत्साहाने मिठाची बरणी उघडली. ही आतून कडाडली, "माझा भाऊ शोधताय ना? भाऊ आहे तो माझा, मीठ नाही!"

साहेब म्हणाले, "अरे, माणूस मावेल तिथेच बघ."

आता एवढ्यावर सुटलो असतो की नाही? असतो! पण उघड्या दारातून कुत्रं आत आलं. पिवळं, एक कान पडलेलं, गाडीतून सुटलेल्यांपैकी. पोलिसांनी श्वानपथक आणलं नव्हतं हो, आरोपीनेच पुरवलं! सरळ दिवाणापाशी आलं, फळीला नाक लावलं, आणि शेपटी अशी हलवायला लागलं, अशी हलवायला लागलं, जणू आत त्याचा सख्खा भाऊच आहे!

साहेब माझ्याकडे बघून हसले. "सर, दिवाणात काय आहे?"

"पांघरुणं."

"पांघरुणांवर तर मी बसलोय."

"उठा," म्हणाले. म्हटलं, "उठता येत नाही, साहेब. देवाशप्पथ." तसे दोघा हवालदारांनी चादरीची चार टोकं धरली. "सावकाश," साहेब म्हणाले, पण चादरीला ते कुठे ऐकू येतंय? उचलला मला! आणि कंबरेतून जी कळ निघाली, मी जो ओरडलो, की स्वयंपाकघरातली सगळी पातेली हलली असतील!

आणि खालून आवाज आला. कुजबुज नाही, चांगला खणखणीत. "सोडा त्यांना! भाऊजींना हात लावू नका! मी इथे आहे, मला न्या!"

मी चादरीत लोंबकळत ऐकतोय हो. गप्प पडून राहिला असता तर कदाचित... नाही, सापडलाच असता म्हणा. पण माझी कळ त्याला बघवली नाही, हे खरं. बाहेर आला तो धुळीने पांढरा, डोळ्यांत पाणी, आधी माझ्याकडे आला, "भाऊजी, फार दुखलं का?" आणि मगच साहेबांपुढे हात केले. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातातून साबणाचं पाणी गळतंय. हिला असं गप्प मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, बेड्या नको. पोरगं पळणारं नाही." आणि बोलता बोलता लक्षात आलं, की मी उभा आहे! ताठ! चादरीच्या हिसक्याने कंबरेत कट्ट झालं आणि उसण गेली! साहेब म्हणतात, "उठता येत नव्हतं ना?" आणि ही, रडता रडता, "म्हणजे इतके दिवस नाटक करत होतात?"



दुसऱ्या दिवशी जामीन झाला त्याला. मीच उभा राहिलो, मुकाट्याने. न्यायाधीशांनी अट घातली, खटला संपेपर्यंत आरोपीने राहता पत्ता बदलायचा नाही. आणि पत्ता कुणाचा दिलाय? आमचा! संध्याकाळी इन्स्पेक्टरसाहेब स्वतः कुत्रं घेऊन दारात. "सर, हा मुद्देमाल आहे. तुमच्या ताब्यात देतोय. खटला संपेपर्यंत घराबाहेर जाता कामा नये, नाहीतर पुरावा नष्ट केल्यासारखं होईल."

म्हटलं, "साहेब, खटला संपेल कधी?"

साहेब फक्त हसले.

म्हटलं, "आणि मी? माझ्यावर काही अट?"

"छे छे! तुम्ही पूर्ण मोकळे आहात, सर," साहेब म्हणाले. "तुम्ही हे घर सोडून केव्हाही जाऊ शकता."