बेरीज सातच

अठरा जानेवारी, सोमवार, दुपारी साडेतीन.

मंडळी, शोकसभेत अशी सुरुवात करत नाहीत, मला ठाऊक आहे. पण कुमुदच्या फोटोकडे बघून गोड बोलायला गेले की रडू येतं. रागावले की बोलता येतं. म्हणून रागानंच बोलते.

त्या दुपारी आपल्या घाटकोपरच्या शाळेत मुख्याध्यापकांनी दहावीच्या रोहिणीचं प्रिलिममधलं एक उत्तर लाल रेघेनं कापलं. प्रश्न साधा. एक्स वर्ग वजा सात एक्स अधिक पाच बरोबर शून्य. मुळांच्या वर्गांची बेरीज काढा. पोरीनं मुळं काढलीच नाहीत! मुळांची बेरीज सात, गुणाकार पाच, हे समीकरणच सांगतं. सातचा वर्ग एकोणपन्नास, त्यातून पाचाची दुप्पट वजा. एकोणचाळीस.

सर म्हणाले, "मुळं न काढता उत्तर? शेजारणीचं बघितलं."

गणित शिकवणारी आपली कुमुद म्हणाली, "सर, शेजारणीचं चुकलंय. चुकीचं बघून बरोबर कसं आलं?"

सर गप्प. रेघ तशीच. तेवढ्या मार्कांनी रोहिणी नापास, आणि तिचं बोर्डाचं हॉलतिकीट ऑफिसच्या कपाटात. त्याच आठवड्यात कुमुद गेली. हृदय आधीच थकलं होतं. तो दोष मी कुणाला देत नाही.

मी इंग्रजीची बाई. नन्सनी मला पाढे शिकवले, गणित नाही. एकदा स्टाफरूममध्ये तिला विचारलं, "अगं, न बघता कसं कळतं?"

तिनं टेबलावरच खडूनं लिहिलं. "ही मुळं, दोन आणि पाच. बेरीज सात, गुणाकार दहा. आता समीकरणातला फक्त शेवटचा दहा पुसते, बारा लिहिते. मुळं झाली तीन आणि चार. बेरीज?"

"सातच गं!"

"एकानं सोडलं तेवढंच दुसऱ्यानं उचललं. दिसत नाहीत, पण शब्द पाळतात बघ."

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. लहानपणी नन्सच्या शाळेतल्या चॅपलमध्ये प्रार्थना करताना कधी आला नव्हता तो तिथे, खडूनं पांढऱ्या झालेल्या टेबलाशी आला. कोण ठेवत असेल हा हिशेब?

मुख्याध्यापक सर, तुम्ही पहिल्याच रांगेत आहात, बरं झालं. कुमुदनं सोडलं ते मी उचललंय. पेपर पुन्हा तपासा. येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं, आणि रोहिणीच्या हातात हॉलतिकीट.

आता सगळे उभे राहू या. कुमुदसाठी दोन मिनिटं शांत.

सर, एवढी दोन मिनिटं तुम्ही गप्प राहिलात तरी चालेल.