भारीवाला माउस

शेजारच्या सोनालीच्या माउसचा घोटाळा तुम्हाला सांगायचाच राहिला. पोरगी कॉम्प्युटरवर गेमच्या स्पर्धा खेळते. रविवारी मॅच होती, म्हणून नगरच्या ओळखीच्या दुकानदारानं बिनवायरचे दोन माउस वापरून बघायला दिले. एक स्वस्तातला, एक महागातला. एक ठेवायचा, एक परत. आठवडाभर तिचं ठरेना आणि मलाही चैन पडेना.

शनिवारी ती क्लासला गेलेली आणि दुकानाचा माणूस दारात हजर. तिच्या घराची चावी माझ्याकडंच असते. मी फोन लावला.

"काकू, भारीवाला ठेवा, दुसरा देऊन टाका," एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

मी दोन्ही माउस हातात तोलून पाहिले. एक तर रिकाम्या काडेपेटीसारखा लागला. तो दिला.

संध्याकाळी सोनाली कपाळाला हात लावून बसली. "काकू, महागातला दिला व्हय तुमी? उद्या दुकान बंद, आता ह्या स्वस्तातल्यानं खेळू कशी?"

"तूच म्हनलीस भारी ठेवा. जड होता तो ठेवला."

"अवो, महागातलाच हलका असतो."

"मग हलका ठेवा म्हनायचं की."

"तसं म्हनले असते, तर तुमी स्वस्तातला ठेवला असता."

ते मात्र खरं होतं.