दारात नेऊन ठेवलेलं हरीण

माझं नाव हमीदा, माहेर रत्नागिरीकडचं, खाडीच्या अगदी तोंडावर, बाप मचव्यावर असायचा आणि आमी पोरी सुकट राखत बसायचो, कावळे हाकलत, तिथं जे माझं तोंड सुटलं ते अजून बंद नाय. लग्न होऊन गेले ती संदलवाल्यांच्या घरात. म्हणजे काय सांगू तुमाला, सासरच्या गावात पिराचा उरूस भरतो, त्याचं चंदन आमच्याच घरात उगाळायचं आणि आमच्याच घरच्या माणसानं ताट डोक्यावर घेऊन दर्ग्यात न्यायचं, पुढं ताशे, मागं अख्खा गाव, हिंदू पण, मुसलमान पण, आणि मुजावर पायरीवर येऊन ते हातात घेतो तेव्हा कुठं उरूस सुरू. हा आमचा मान. एक वर्ष चुकला की गेला दुसऱ्या घरी.

मग आलो दुबईला, इथंच अल मनखूलला. नवरा पोर्टवर, मी घरी डबे करायची, अर्धी बिल्डिंग माझ्या हातचं कालवण खाऊन मोठी झालीय. नवरा गेला, अल्ला त्याला जन्नत देवो. मुलगा झुबेर इथंच जन्मला, हमरियाला ऑफिसात आहे, आईशी इंग्लिश बोलतो. मी विचारते, जेवलास का रे, तो म्हणतो, येस मॉम. गावात संदल न्यायला माझे थोरले दीर होते, ते पण गेले, आणि गावच्या जमातीतून फोन आला, भाभी, तुमचं घर बंद, माणसं सगळी दुबईत, यंदा मान दुसऱ्यांना देऊ या का. देऊ या का म्हणे! मी झुबेरला म्हटलं, तू जा. तो म्हणाला, मॉम, मला त्यातलं काय येतं, समबडी एल्स कॅन डू इट, खलास. माझं डोकं फिरलं, पण जवान पोराला उचलून विमानात थोडीच टाकता येतं.

आता आमच्या समोरच्या फ्लॅटमधली डॉना. शाळेत टीचर आहे, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची. माझ्याकडे जेवते, आणि काट्याचा मासा आपल्यासारखा खाते, बोटांनी, चमच्यानं नाय. मी म्हटलं, गोऱ्यांना हे कुठनं जमलं? ती म्हणाली, आंटी, मी गोऱ्यांतली नाय, मी तिथली मूळची, पोव्हॅटन लोकांतली, आमी नदीकाठचे, आमचा मासा पण काट्यांचा.

त्या दिवशी झुबेर जेवायला होता, त्याच्यासमोरच तिनं सगळं सांगितलं. चारशे वर्षांमागं इंग्रजांची जहाजं त्यांच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा त्या नद्यांवर तीसेक जमाती, सगळ्यांचा एक राजा. मग लढाया झाल्या, रोगराई आली, जमिनी गेल्या, भाषा गेली, गोऱ्यांनी तेव्हा टिपून ठेवलेले शब्द तेवढे उरले, त्यातनंच आता पोरांना परत शिकवतात. आपल्याकडे सुपरमार्केटात ते पर्सिमन फळ मिळतं ना, तो त्यांचा शब्द. वर सरकारनं कागदोपत्री ठरवून टाकलं की अशी माणसं आता उरलेलीच नाहीत. मी म्हटलं, मग तुमी राहिलात कसे? ती म्हणाली, हरणामुळे.

इंग्रजांशी जुना तह आहे त्यांचा. कराच्या बदल्यात दर वर्षी गव्हर्नरच्या दारात शिकार नेऊन द्यायची. तीनशेहून जास्त वर्षं झाली, ते लोक नेतातच. हरीण नाय मिळालं तर टर्की न्यायची, पण जायचं. झुबेर म्हणाला, ही तर गुलामीच झाली. डॉना हसली. म्हणाली, नाय रे, गव्हर्नरला पायरीवर यावं लागतं आणि ते घ्यावं लागतं, मग ज्याच्या हातून घेतलं त्याला तू नाहीसच असं कसं म्हणणार? तिचे आजोबा गेलेले, काठीला हरीण टांगून, खांद्यावर. आणि शेवटी सरकारला कबूल करावंच लागलं की हो, आहात तुमी.

झुबेरचा भात तसाच पानात. मग म्हणाला, मॉम, आपल्या संदलला पण तो माणूस पायरीवर येतो ना?

दुसऱ्या दिवसापासून माझ्या किचनमध्ये सहाण. चंदनाचा वास लिफ्टपर्यंत. डोक्यावर तांदळाचं ताट घेऊन झुबेर कॉरिडॉरमधून चालायचा, वॉचमन म्हणायचा, क्या हुआ हबीबी, आणि दोनदा सगळे तांदूळ मीच वेचले, शिव्या देत.

उरसाला तो गेला. तिकडं गावच्या एका पोरानं व्हिडिओ लावून धरलेला, मी आणि डॉना इथं फोनला चिकटलेल्या. ताशे वाजतायत, एका म्हाताऱ्यानं वाट अडवून विचारलं, कोणाचा रे तू? आणि माझा येस मॉम म्हणणारा पोरगा छाती काढून म्हणाला, संदलवाल्यांचा. मी रडले, खोटं कशाला सांगू. मग फोन हलला, काय दिसेना, डॉना माझा हात दाबून विचारते, डिड ही टेक इट, आंटी, डिड ही टेक इट? तेवढ्यात मुजावर दिसला, ताट त्याच्या हातात. मी म्हटलं, घेतलं गो बाय, घेतलं.

आता नोव्हेंबरात डॉनाची माणसं हरीण घेऊन जातील. मी तिला बजावून ठेवलंय, फोन लावायचा, मला पण बघायचंय. आणि त्या गव्हर्नरनं हात पुढं केला की मी इथून, मनखूलच्या गॅलरीतून दुआ देणार, असाच घेत राहा बाबा, आमी आणत राहू.