रिव्हॉल्वर परत न देण्याबाबत

दिनांक: १० जून २०२४
नाव: अर्चना संताजी राव
वय: ४८ वर्षे
धंदा: नोकरी, रक्त तपासणी केंद्रात तंत्रज्ञ
राहणार: दुसरा मजला, वेलचेरी, चेन्नई

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून स्वखुशीने जबाब देते की, वरील पत्त्यावर मी माझे पती संताजी गुरुराज राव, वय ५४, यांच्यासह राहते. माझे माहेर सांगलीचे. पतींचे घराणे तंजावरकडचे मराठी, त्यांचा जन्म व शिक्षण चेन्नईतच झाले. आम्हाला एक मुलगी आहे, ऋजुता. ती बंगळुरूला नोकरी करते.

मला तमिळ चांगले बोलता येते. परंतु आज जे सांगायचे आहे ते तमिळमध्ये सांगायला लागले तेव्हा शब्द सुचेनात. येथील हेड कॉन्स्टेबल हरिप्रिया यांच्या घरात तंजावरी मराठी बोलतात आणि त्यांना देवनागरी लिहिता येते. म्हणून इन्स्पेक्टर नारायणस्वामी यांच्या परवानगीने त्या माझा जबाब मराठीत उतरून घेत आहेत. त्याचे तमिळ भाषांतर त्या सोबत जोडणार आहेत.

माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. माझ्या पतींचे .३२ बोअरचे परवान्याचे रिव्हॉल्वर लोकसभा निवडणुकीमुळे या ठाण्यात जमा आहे. निवडणूक संपली असल्याने ते परत घेऊन जाण्याचा निरोप घरी आला आहे. ते त्यांना परत देऊ नये, एवढीच विनंती करण्यासाठी मी आले आहे.

माझे पती टी. नगरमधील एका दागिन्यांच्या पेढीत व्यवस्थापक आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये ते पेढीच्या गाडीतून दागिने कारखान्यातून दुकानात आणत होते. गाडी कार्तिक नावाचा ड्रायव्हर चालवत होता. एका गल्लीत दोन मोटारसायकली आडव्या आल्या. त्यांवरील माणसांच्या हातात कोयते होते. कार्तिक खाली उतरला. माझे पती उतरले नाहीत. त्यांनी पिशवी छातीशी धरली होती आणि गाडीची दारे आतून बंद केली होती. कार्तिकने बाहेरून दोनदा काच वाजवली, असे पतींनी मला त्याच संध्याकाळी सांगितले. त्यानंतर ते आजपर्यंत याविषयी एकदाही बोललेले नाहीत.

कार्तिक जागीच गेला. लोक जमल्यामुळे हल्लेखोर पळाले आणि दागिने वाचले. पुढच्या महिन्यात पेढीने पतींचा सत्कार केला. सत्काराची शाल त्यांनी घरी आणली नाही.

पुढे आरोपी पकडले गेले आणि जामिनावर सुटले. पुढे आलेले प्रत्यक्ष साक्षीदार माझे पती एकटेच होते. त्यांना फोन येऊ लागले. ओळख पटवू नका, असे सांगत. एका फोनमध्ये ऋजुताच्या कॉलेजचे आणि ती ज्या बसने जायची तिचे नाव घेतले. म्हणून आम्ही स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवान्याचा अर्ज केला. अर्ज पतींच्या नावे होता, परंतु मागे लागले ती मी. शस्त्र चालवण्याच्या शिक्षणाचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, शेजाऱ्यांकडची चौकशी, सगळ्यासाठी मीच रजा काढली. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारले, "धोका आहे हे कशावरून?" मी त्यांना फोनवरचे रेकॉर्डिंग ऐकवले. याच ठाण्यात, याच टेबलासमोर मी तेव्हा हात जोडले होते की, यांना शस्त्र मिळू द्या. आज उलट मागणी करत आहे, हे मला समजते.

परवाना आल्यावर आम्ही माउंट रोडजवळच्या एका बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पिस्तुले व रिव्हॉल्वर समोर ठेवली. ९ एमएम सामान्य माणसाला मिळत नाही, .३२ पाहा, असे त्यांनी सांगितले. पतींनी एक पिस्तूल हातात घेतले व लगेच खाली ठेवले. दुकानदार म्हणाले, "सार, तुमची ही पहिलीच वेळ. घाबरलेल्या माणसाला पिस्तुलाचा सेफ्टीचा खटका सापडत नाही. रिव्हॉल्वर घ्या. त्यात विसरण्यासारखं काही नाही." पतींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "ते काळं घ्या. त्यातल्या त्यात हलकं आहे." तेच घेतले. ठाण्यात दाखवून नोंद करून घेतली. ते कपाटात कुलपात ठेवले आणि मला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पतींची कोर्टात साक्ष झाली. आरोपी समोर उभे होते. पतींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "मला नीट आठवत नाही." सरकारी वकिलांनी पुन्हा विचारले. तेच उत्तर आले. ऋजुता तेव्हा माझ्या शेजारी बसली होती.

बाहेर पायऱ्यांवर कार्तिकची आई भेटली. ती ओरडली नाही. तिने पतींना विचारले, "सार, जेवलात का?" इथे कोणीही कोणालाही भेटल्यावर हे विचारतात. पतींनी होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढच्या महिन्यात आरोपी निर्दोष सुटले. त्यानंतर एकही फोन आला नाही. घाबरण्यासारखे कोणी उरले नाही. रिव्हॉल्वर घरातच राहिले.

डिसेंबरच्या वादळात वेलचेरीत पाणी भरले तेव्हा आम्ही घरात अडकलो होतो. वीज नव्हती. खालच्या गाड्या पाण्यात गेल्या होत्या. दुपारी मी गच्चीवर जाऊन शेजाऱ्यांकडून पिण्याचे पाणी घेऊन आले, तर पती ऋजुताच्या खोलीत तिच्या पलंगावर बसलेले होते. रिव्हॉल्वर मांडीवर होते. मी विचारले, "काय करताय?" ते म्हणाले, "पुसतोय. या हवेत लोखंड ओल धरतं." त्यांच्या हातातले फडके कोरडे होते. तेलाची बाटली तिथे नव्हती. मी म्हटले, "भात टाकते." ते म्हणाले, "टाक." मी गेले नाही. त्यांच्या समोर जमिनीवर बसून राहिले. खूप वेळाने त्यांनी ते कपाटात ठेवले, मग मी भात टाकला.

त्यानंतर मी आंघोळीला गेले तरी दार पूर्ण लावत नसे. तपासणी केंद्रातून दर थोड्या वेळाने फोन करत असे. ते फोन उचलत आणि म्हणत, "आहे गं." एवढेच बोलणे होई.

मी काडतुसांची डबी उचलून केंद्रातील माझ्या लॉकरमध्ये ठेवली. पतींना ते दोन दिवसांनी कळले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अर्चना, ती डबी परत आण. परवाना माझा आहे. तुझ्याकडे सापडली तर तुला आत टाकतील." मी ऐकले नाही तेव्हा ते स्वतः केंद्राच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. मला अटक होईल या काळजीने त्यांचा चेहरा उतरला होता. मी डबी परत दिली.

मी एकटी त्या बंदुकीच्या दुकानात गेले. रिव्हॉल्वर विकत घ्या किंवा तुमच्याकडे ठेवून घ्या, असे विचारले. दुकानदार म्हणाले, "अम्मा, ज्याचा परवाना त्यानंच यायला हवं. तुम्ही ते पर्समध्ये घालून इथवर आलात तरी गुन्हा होतो." मी म्हटले, "आणि तो माणूस येणार नसेल तर?" त्यांनी माझ्याकडे पाहिले व खुर्ची पुढे केली. पाणी दिले. म्हणाले, "मग पोलिसांना लेखी द्या." मी घरी आले. लेखी दिले नाही.

जानेवारीत मी पतींना मानसोपचार डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी विचारले, घरात शस्त्र वगैरे आहे का? पती म्हणाले, "नाही." मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी काय उत्तर दिले ते येथे लिहू नये, अशी विनंती आहे. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या गोळ्यांनी झोप येते व पेढीत लक्ष लागत नाही म्हणून पतींनी त्या महिन्याभरात बंद केल्या.

मार्चमध्ये निवडणूक जाहीर झाली आणि परवान्याची शस्त्रे जमा करण्याचा आदेश आला. पतींनी त्याच दिवशी रिव्हॉल्वर व काडतुसे येथे आणून जमा केली व पावती घेतली. त्यानंतरचे अडीच महिने आमच्या घरी बरे गेले. ते संध्याकाळी तळ्यापर्यंत चालायला जाऊ लागले. मी आंबे आणले तर कापायला स्वतः बसले. एकदा ऋजुताच्या फोनवर हसले. ती नंतर मला म्हणाली, "आई, अप्पा हसले, ऐकलंस?" मी ऐकले होते. मी स्वयंपाकघरात होते.

निवडणूक वर्षभर चालावी, असे मला वाटत होते.

आज सकाळी पतींनी दाढी केली, पांढरा शर्ट इस्त्री केला व पावती खिशात ठेवली. मी म्हटले, "अहो, राहू द्या ना तिथंच. आता कुणाचा फोन येतो?" ते म्हणाले, "परवाना आहे तोवर सांभाळायला पाहिजे." मी म्हटले, "मग परवानाच सोडा." ते बुटाची नाडी बांधत म्हणाले, "अस्की सोडलंच आहे की." त्यांच्या घरच्या बोलीत सगळ्याला अस्की म्हणतात. पेढीत जाऊन मग ठाण्यात जातो, असे सांगून ते निघाले. मी कामावर न जाता शेअर ऑटोने इथे आले.

वाटेत ऋजुताला फोन केला. ती रडू लागली. म्हणाली, "आई, असं लेखी दिलंस तर अप्पांना वेडं ठरवतील. पेढीत कळलं तर नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"ते तुझ्याशी जन्मात बोलणार नाहीत."

मी म्हटले, "न बोलता असू देत. पण असू देत."

इन्स्पेक्टर नारायणस्वामी यांनी मला समजावून सांगितले की, परवाना चालू आहे, पावती पतींकडे आहे, त्यामुळे नुसत्या तोंडी सांगण्यावरून शस्त्र अडवता येणार नाही. लेखी जबाब असेल तर शस्त्र येथेच ठेवून तो जबाब कमिशनर कार्यालयाकडे पाठवता येईल. त्यांनी विचारले, पतींनी तुम्हाला कधी धमकावले आहे काय? नाही. त्यांनी माझ्यावर किंवा मुलीवर कधी हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. त्यांच्यापासून दुसऱ्या कोणालाही धोका नाही. धोका ज्याला आहे त्याचे नाव मी वर लिहून दिले आहे.

येथे माझा जबाब संपला होता. पुढील मजकूर माझ्या सांगण्यावरून वाढवला आहे.

हेड कॉन्स्टेबल हरिप्रिया मला वरील जबाब वाचून दाखवत असताना माझे पती ठाण्यात आले. मी दाराकडे पाठ करून बसले होते. वाचत वाचत त्या कोर्टाच्या पायऱ्यांवरच्या मजकुरापाशी आल्या होत्या. त्या मान वर करून थांबल्या, तेव्हा मी वळून पाहिले. पती दाराजवळच्या बाकावर बसले होते. पावती हातात होती. ठाण्यात इतरही माणसे होती, पण मराठी समजणारे आम्ही तिघेच होतो.

हरिप्रिया तमिळमध्ये म्हणाल्या, "सार, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

पती मराठीत म्हणाले, "नको. वाचा."

हरिप्रिया यांनी इन्स्पेक्टरांकडे पाहिले. इन्स्पेक्टरांना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी होकार दिला. हरिप्रिया यांनी शेवटपर्यंत वाचले. मध्ये एकदा पाणी पिऊन पुढे वाचले. मी पतींकडे पाहू शकले नाही. टेबलावर काच होती, तिच्याखाली कसलासा तक्ता होता, तो पाहत राहिले.

वाचून झाल्यावर पती उठून आले. मला वाटले ते पावती पुढे करतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले. हरिप्रिया यांना म्हणाले, "अम्मा, यात एक घाला. जानेवारीत पोंगल झाल्यावर मी हे घेऊन इथं आलो होतो. जमा करायला. फाटकातून परत गेलो."

मी विचारले, "का?"

"आत विचारतील, का जमा करताय. काय सांगू मला कळना." मग म्हणाले, "आता लिहिलंय ना तू? बरं झालं. मला नाही लिहिता आलं असतं."

त्यांनी पावती टेबलावर ठेवली. तमिळमध्ये इन्स्पेक्टरांना सांगितले की, शस्त्र येथेच राहू द्यावे, परवाना परत करण्याचा अर्ज मी आत्ता देतो. अर्ज लिहायला घेतला, पण कारणाच्या ओळीपुढे त्यांना लिहिता आले नाही. तो हरिप्रिया यांनी लिहिला, पतींनी खाली सही केली. इन्स्पेक्टरांनी डॉक्टरांचे नाव विचारले व स्वतः फोन लावून आजचीच दुपारची वेळ घेतली. आम्ही येथून थेट तिकडे जात आहोत. या वेळी डॉक्टरांनी विचारल्यास दोघेही खरे उत्तर देऊ.

निघण्यापूर्वी पतींनी मला विचारले, "तू सकाळपासून काही खाल्लंस का?" मी नाही म्हणाले.

हा जबाब, वाढवलेल्या मजकुरासह, मला माझ्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या पतींनीही तो ऐकला. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, आणि खरा आहे.

सही: अर्चना संताजी राव
माझ्यासमोर: हरिप्रिया, हेड कॉन्स्टेबल
ऐकले, मान्य: संताजी गुरुराज राव